जे दुकानात नाहीच, ते गळणार कुठून?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, दोन जुन्या रसायनांबद्दल अंतिम नियम काढले. पहिले ट्रायक्लोरोइथिलीन, ज्याला सगळे टीसीई म्हणतात आणि जे धातूच्या भागांवरचे ग्रीस काढायला वापरतात. त्याच्या सगळ्याच वापरांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. दुसरे परक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगवाल्यांच्या भाषेत ‘पर्क’. त्याचा ड्रायक्लीनिंगमधला वापर दहा वर्षांत बंद करायचा असे ठरले. दोन्ही रसायने शरीराला काय करतात हे नव्याने कळलेले नाही. टीसीईमुळे माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था स्पष्टपणे म्हणते. पर्कमुळे तो बहुधा होत असावा, असे तिचे मत आहे.

बातमी चांगली आहे. पण ती वाचताना माझ्या डोळ्यांपुढे येतो तो कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला. नवरा, बायको आणि एखादा मदतनीस, एवढेच तिथले मनुष्यबळ. पर्कचे यंत्र कर्ज काढून घेतलेले, आणि असे यंत्र माणूस दहा-पंधरा वर्षे चालवायचे या हिशेबानेच घेतो. कायदा त्याला ‘बंद कर’ म्हणतो. त्याऐवजी काय वापरू, पैसे कुठून आणू, नवे काम कोणाकडून शिकू, आणि शिकता शिकता गिऱ्हाइकाचा लोकरी कोट आटला तर त्याची भरपाई कोण देणार, याची उत्तरे कायद्याच्या कागदावर नसतात.

या प्रश्नांसाठी अमेरिकेतल्या काही राज्यांनी आणि शहरांनी एक वेगळे साधन वापरले आहे. स्थानिक संस्था, नगरपालिका आणि छोटी दुकाने यांना विषारी रसायनांचा वापर कमी करण्यासाठी छोटी अनुदाने द्यायची. रकमा बहुतेक वेळा काही हजार डॉलरांच्या, लाखांच्या नव्हेत. एवढ्याशा पैशाने काय होणार, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले होते. उत्तर समजायला थोडे मागे जावे लागते.

कमी सोडणे वेगळे, कमी वापरणे वेगळे

छप्पर गळत असेल तर दोन गोष्टी करता येतात. जिथे जिथे पाणी ठिबकते तिथे बादली मांडता येते, किंवा वर चढून कौले नीट बसवता येतात. बादल्या लगेच मिळतात, म्हणून आपण आधी त्याच मांडतो. पण बादली भरते. ती कुणीतरी वेळेवर रिकामी करावी लागते, आणि एका रात्री कुणी विसरले की घरभर पाणी होते.

कारखान्याच्या धुराड्यावरची गाळणी, सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, विषारी गाळाची पिंपे उचलून दूर नेऊन पुरणे, या सगळ्या बादल्याच आहेत. त्या हव्यातच. पण जगाने कितीतरी वर्षे फक्त बादल्यांवरच भिस्त ठेवली. कौले बसवणे म्हणजे ते रसायन मुळात लागणारच नाही, किंवा खूप कमी लागेल, अशी कामाची पद्धत बदलणे. या लेखात मी त्याला ‘विषवापर कपात’ म्हणेन. एवढा एकच जड शब्द लक्षात ठेवला तरी पुढचे सगळे समजेल.

१९७४ मध्ये ब्रिटनमधल्या फ्लिक्सबरो इथल्या कारखान्यात स्फोट होऊन २८ माणसे मेली. त्यानंतरच्या वर्षांत ट्रेव्हर क्लेट्झ हा रसायन अभियंता एक साधी गोष्ट सांगत राहिला: तुमच्याकडे जे नाहीच, ते गळू शकत नाही. ऐकायला हे अगदी बाळबोध वाटते. पण भोपाळ आठवून पाहा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट टाकीतून सुटले, ते त्या कारखान्याचे विकायचे उत्पादन नव्हते. कीटकनाशक बनवताना मधल्या पायरीवर लागणारा तो पदार्थ होता, आणि तो मोठ्या टाक्यांत साठवून ठेवला होता. बादल्या तिथेही होत्या: वायू धुऊन काढणारी यंत्रणा, तो जाळून टाकणारी ज्योत, टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा. त्या रात्री शीतयंत्रणा बंद होती, ज्योतीची नळी जोडलेली नव्हती, आणि धुण्याची यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे टिकणारी नव्हती.

ऑगस्ट १९८५ मध्ये त्याच युनियन कार्बाइड कंपनीच्या अमेरिकेतल्या, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या इन्स्टिट्यूट या गावच्या कारखान्यातून दुसरे एक रसायन गळले आणि शंभराहून अधिक लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हा अमेरिकेला जाग आली. १९८६ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की कोणते विषारी रसायन किती सोडले हे मोठ्या कारखान्यांनी दरवर्षी जाहीर करायचे. शेजारी कोणते विष किती सोडले जाते हे सामान्य रहिवाशाला पहिल्यांदा आकड्यांत वाचायला मिळाले.

१९८९ मधल्या दोन वाटा

त्याच सुमारास दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की मला या विषयाचे मर्म दिसते.

पहिली वाट बंदीची. १९८९ मध्ये ईपीएने अ‍ॅस्बेस्टॉसच्या बहुतेक उत्पादनांवर बंदी घातली. अ‍ॅस्बेस्टॉस हे विष आहे याबद्दल तेव्हाही दुमत नव्हते. तरी दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, न्यायालयाने त्या बंदीचा बहुतांश भाग रद्द केला, कारण १९७६ च्या मूळ रसायन कायद्याखाली बंदी घालायला जेवढे सिद्ध करावे लागे, तेवढे ईपीएने केलेले नाही असे न्यायालयाला वाटले. तो कायदा २०१६ मध्ये सुधारला. आणि क्रायसोटाइल या अजून वापरात उरलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रकाराच्या चालू वापरांवर बंदी यायला मार्च २०२४ उजाडला. मध्ये ३५ वर्षे गेली.

दुसरी वाट मॅसॅच्युसेट्स राज्याची. या राज्याला विषारी रसायनांची झळ आधीच बसली होती. बॉस्टनजवळच्या वोबर्न गावात १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या ‘जी’ आणि ‘एच’ या दोन विहिरी बंद कराव्या लागल्या. त्यांच्या पाण्यात टीसीई आणि पर्क सापडले होते. त्या गावात मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे आधी आयांच्या लक्षात आले आणि मग आरोग्य खात्याने ते मोजले. १९८९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने एकमताने विषवापर कपातीचा कायदा केला. त्यात कोणत्याही रसायनावर बंदी नव्हती. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त विषारी रसायने वापरणाऱ्या कारखान्यांनी तीन गोष्टी करायच्या होत्या: दरवर्षी वापराचा हिशेब द्यायचा, शुल्क भरायचे, आणि दर दोन वर्षांनी ‘हे रसायन कमी कसे करता येईल’ याचा आराखडा प्रशिक्षित माणसाकडून तपासून घ्यायचा.

आराखडा अमलात आणण्याची सक्ती नव्हती! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा कायद्याचा कच्चा दुवा वाटला होता. पण झाले असे की हिशेब मांडायला बसल्यावर कारखान्यांना रसायनाचा खरा खर्च दिसू लागला. विकत घेण्याचा खर्च त्यांना माहीत होता. साठवणे, कामगारांची संरक्षक साधने, विमा, कचरा उचलणाऱ्याचे बिल, या सगळ्याची बेरीज कुणी एका कागदावर केली नव्हती. १९९० ते २००५ या काळात, उत्पादनातली वाढ जमेस धरून, या कारखान्यांतला विषारी रसायनांचा वापर सुमारे ४० टक्क्यांनी आणि वातावरणात सोडले जाणारे विष सुमारे ९० टक्क्यांनी घटले.

शुल्काच्या पैशातून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल इथल्या शाखेत विषवापर कपातीची एक संस्था उभी राहिली. तिच्याकडे एक प्रयोगशाळा आहे. कारखान्याने ग्रीस लागलेला सुटा भाग तिथे पाठवावा, आणि टीसीईऐवजी कोणत्या साबणपाण्याने, किती तापमानाला, किती वेळात तो तितकाच स्वच्छ होतो हे तिने करून दाखवावे, असे तिचे काम. आणि हीच संस्था छोटी सामुदायिक अनुदाने देते.

जाळ्यातून निसटलेले

अनुदानांची गरज का पडली? कारण कायद्याच्या जाळ्याची भोके मोठी असतात, आणि ती मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात एखादे रसायन बनवणाऱ्या किंवा उत्पादनात घालणाऱ्या कारखान्याला वर्षाला सुमारे ११,३०० किलोंची मर्यादा आहे, इतर वापरासाठी सुमारे ४,५०० किलोंची. २००६ च्या सुधारणेनंतर जास्त घातक ठरवलेल्या रसायनांसाठी ती सुमारे ४५० किलोंवर आणता आली. पण दहा कामगारांची अट तशीच राहिली. तिघांच्या दुकानाकडून मोठ्या कारखान्याइतकी कागदपत्रे मागणे अन्यायाचेच झाले असते.

पण विष आणि माणूस यांच्यातले अंतर सर्वांत कमी असते ते याच दुकानांत. मोठ्या कारखान्यात टाकी एका इमारतीत आणि माणूस दुसऱ्या इमारतीत असतो. नखे रंगवण्याच्या सलूनमध्ये काम करणारी बाई दिवसभर गिऱ्हाइकाच्या हातावर वाकून बसलेली असते आणि तिच्या नाकापासून बाटली हातभर अंतरावर असते. नेलपॉलिशमधल्या टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट या तिन्हींना तिथे ‘विषारी त्रिकूट’ असे नावच पडले. मोटार गॅरेजमध्ये ब्रेक धुण्याचा फवारा चाकाजवळ बसून मारतात, म्हणजे तोंडासमोरच. लाँड्रीचा मालक यंत्राची गाळणी स्वतःच्या हाताने साफ करतो.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत ही दुकाने बहुतेक वेळा परदेशातून आलेल्या कुटुंबांची असतात. अनेक लाँड्र्या कोरियन कुटुंबांच्या, नेल सलून बहुतांशी व्हिएतनामी बायकांची. बाटलीवरची धोक्याची सूचना इंग्रजीत असते. बॉस्टन भागात लाकडी जमिनींना तकाकी देणारे बरेच कारागीर व्हिएतनामी आहेत. २००४ आणि २००५ मध्ये अशा कामात लागलेल्या आगींत तीन कारागीर गेले. ते वापरत असलेल्या लॅकरची वाफ इतकी ज्वालाग्राही असते की ती दूरच्या एखाद्या बारीक ज्योतीपर्यंत सरपटत जाऊन पेट घेते. पाण्यावर आधारित लेप तेव्हाही बाजारात मिळत होते. ते कसे लावायचे हे कारागिरांना त्यांच्या भाषेत, त्यांच्यातल्याच माणसाने शिकवणे ही खरी गरज होती. पुढे राज्याने त्या प्रकारच्या लॅकरवर कायद्याने बंदी आणली. माझ्या मते त्या बंदीइतकेच मोल कारागिरांच्या वस्तीत भरलेल्या शिकवणी वर्गांना आहे.

एका लाँड्रीत नेमके काय बदलते?

‘ड्रायक्लीनिंग’ या शब्दाने पुष्कळ गैरसमज केला आहे. कपडे कोरडे राहतात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते ओले होतात, फक्त पाण्याने नव्हे, तर पर्कने. पर्क हा द्रावक आहे, म्हणजे दुसरा पदार्थ स्वतःत विरघळवून घेणारे द्रव. तेलाचे डाग तो पटकन उचलतो आणि लोकरीचे तंतू फुगवत नाही, म्हणून कोट आटत नाही. काम चोख करतो म्हणूनच तो इतकी दशके टिकला, हे मान्य करायला हवे.

त्याचे दोष मात्र त्याच्या गुणांइतकेच पक्के आहेत. तो सहज उडतो, म्हणून यंत्राचे दार उघडले की दुकानात पसरतो आणि भिंती-छतातून वरच्या मजल्यावरच्या घरांत शिरतो. याच कारणाने ईपीएने २००६ मध्ये नियम केला की राहत्या इमारतींतली पर्कची यंत्रे २०२० च्या अखेरीपर्यंत काढून टाकायची. पर्क पाण्यापेक्षा दीडपटीहून जड आहे. सांडला तर सिमेंटच्या फरशीतूनही झिरपतो, जमिनीत उतरतो, आणि भूजलापर्यंत पोहोचला तरी वर तरंगत नाही, खाली बुडत जातो. तिथून तो काढणे अतिशय कठीण. दुकान बंद होऊन वीस वर्षे झाली तरी त्याची वाफ जमिनीतून वर येत राहू शकते.

पर्याय पाण्याचाच आहे. त्याला व्यावसायिक वेट क्लीनिंग म्हणतात. घरच्या धुलाई यंत्रात लोकरी कोट टाकला तर तो आटतो, कारण घुसळण जोरात होते, पाणी गरम असते आणि साबण त्या कापडासाठी बनवलेला नसतो. वेट क्लीनिंगचे यंत्र संगणकावर चालते. पिंप किती वेगाने फिरावे, पाणी किती आणि किती अंशांचे असावे, ओलावा किती उरल्यावर वाळवणे थांबवावे, हे कापडानुसार ठरते. धुतल्यावर कोट हवेने फुगणाऱ्या साच्यावर चढवून ताणून मूळ आकारात आणतात. कठीण भाग धुण्याचा नसतो, इस्त्रीचा असतो. ज्याचा हात पर्कमधून आलेल्या कोटावर बसलेला आहे, त्याला काही आठवडे सगळे अवघड जाते, आणि नेमक्या याच आठवड्यांत दुकानदार माघार घेतो.

अनुदानाचे काम इथे असते. यंत्राच्या किमतीचा काही भाग, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिकवणारा माणूस. बॉस्टनच्या जमैका प्लेन भागातल्या एका लाँड्रीने २०१२ च्या सुमारास लोवेलची संस्था आणि शहराचे आरोग्य मंडळ यांच्या मदतीने पर्क सोडून वेट क्लीनिंग सुरू केले. अशा ठिकाणी अनुदान देणाऱ्यांची एक अट असते: दुकान इतर लाँड्रीवाल्यांना पाहायला खुले ठेवायचे आणि पाणी, वीज, साबण, कचरा यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवायचे. पाण्याचे बिल थोडे वाढते. पर्क विकत घेण्याचा आणि घातक कचरा उचलून नेण्याचा खर्च मात्र पूर्ण जातो.

आता ‘एवढ्याशा पैशाने काय होणार’ याचे उत्तर देता येईल. एका दुकानाचे पर्क थांबले, हे अनुदानाचे छोटे फळ. मोठे फळ म्हणजे पुरावा. सरकारी अधिकाऱ्याने ‘हे जमते’ म्हटले तर लाँड्रीवाला ऐकून घेतो आणि पर्कच वापरत राहतो. पण चार गल्ल्या पलीकडच्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या, आपल्यासारखेच भाडे भरणाऱ्या माणसाने तोच रेशमी ब्लाउज धुऊन दाखवला तर गोष्ट वेगळी होते. मिनिआपोलिस शहराने असेच एकेका दुकानाला मदत करत नेले आणि २०१८ पर्यंत तिथल्या सगळ्या ड्रायक्लीनिंग दुकानांतून पर्क गेले.

‘सरळ बंदी घाला ना, अनुदान कशाला?’

बंदीला माझा विरोध नाही. टीसीईवर बंदी यायला फार उशीर झाला, असेच मी म्हणेन. पण अ‍ॅस्बेस्टॉसची ३५ वर्षे विसरता येत नाहीत, आणि टीसीईच्या नव्या नियमालाही लगेच न्यायालयात आव्हान मिळाले. न्यायालयात पहिला प्रश्न हाच असतो: पर्याय आहे का, आणि तो परवडतो का? ज्या राज्यात पन्नास छोटी दुकाने त्या रसायनाशिवाय चालताना दिसतात, तिथे या प्रश्नाचे उत्तर तयार असते. कॅलिफोर्नियाने दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. आधी, २००४ पासून, पर्कच्या प्रत्येक गॅलनवर ३ डॉलर शुल्क लावले. ते दरवर्षी एक डॉलरने वाढत १२ डॉलरवर गेले. त्या पैशातून वेट क्लीनिंगसारख्या बिनविषारी पद्धतीकडे वळणाऱ्या दुकानांना १०,००० डॉलरची अनुदाने दिली. मग २००७ मध्ये नियम केला की २०२३ सुरू होईपर्यंत पर्क पूर्ण बंद. आधी वाट बांधली आणि मग जुना रस्ता अडवला.

‘खासगी दुकानाला लोकांचा पैसा का द्यायचा?’

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. दुकानाचा नफा मालकाचा, मग यंत्राचा भार इतरांवर का? पहिली गोष्ट, मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियात हा पैसा विष वापरणाऱ्यांच्या शुल्कातूनच आला. जो विष वापरतो त्याच्या खिशातून, जो सोडू पाहतो त्याच्या हातात. दुसरी गोष्ट, पैसा न दिल्याने तो वाचत नाही. जमिनीत उतरलेले पर्क काढण्याचा खर्च लाखो डॉलरमध्ये जातो. लाँड्रीवाल्याची तेवढी ऐपत नसते, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांना केवळ लाँड्र्यांखालची जमीन साफ करण्यासाठी वेगळा निधी उभारावा लागला आहे. बादलीचे पैसे समाज भरतोच, फक्त वीस वर्षांनी आणि कितीतरी पट.

तरीही अट हवी. ज्या अनुदानात जुने यंत्र मोडीत काढल्याचा दाखला मागितला जात नाही, ते मला मान्य नाही. नाहीतर तेच यंत्र दुसऱ्या कुणाच्या दुकानात जाऊन बसते.

‘एक विष जाऊन दुसरे आले तर?’

येते. आणि यावर जितके बोलावे तितके थोडे. जाणकार याला ‘पश्चात्तापाचा पर्याय’ म्हणतात: घाईत निवडलेला, तपासून न घेतलेला, नंतर हात चोळायला लावणारा.

कॅलिफोर्नियाच्या गॅरेजांत हे घडले. ब्रेक धुण्याच्या फवाऱ्यांतले क्लोरीनयुक्त द्रावक नकोसे झाले, तेव्हा उत्पादकांनी त्यांच्या जागी हेक्झेन घातले. बाटलीवर ‘क्लोरीनमुक्त’ असे अभिमानाने लिहिले. २००० च्या आसपास तरुण मेकॅनिक हातापायांना बधिरपणा आल्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागले. हेक्झेनपासून शरीरात जो पदार्थ तयार होतो, तो हातापायांच्या टोकांच्या नसा खराब करतो. दुसरे उदाहरण वन-ब्रोमोप्रोपेनचे. टीसीई आणि पर्क यांच्या जागी, यंत्रात फारसा बदल न करता घालता येते म्हणून ते विकले गेले. तेही नसांना घातक निघाले. जानेवारी २०२२ मध्ये ईपीएने ते हवेतल्या घातक प्रदूषकांच्या यादीत घातले. १९९० मध्ये ती यादी झाल्यापासून तिच्यात पडलेली ही पहिलीच भर.

दोन्हींत चूक एकच. प्रश्न विचारला गेला तो ‘या द्रावकाऐवजी कोणता द्रावक?’ असा. विचारायला हवा होता तो ‘हे काम मुळात कशासाठी करतो आहोत?’ ब्रेकवरची धूळ आणि ग्रीस काढायचे असेल तर साबणपाण्याचे छोटे कुंड चाकाखाली सरकवूनही ते होते. फवारा लागतच नाही. म्हणून चांगली अनुदान योजना पैसे देण्याआधी पर्यायाची तपासणी करते: त्वचेला काय होते, फुप्फुसाला काय होते, आग लागते का, पाण्यात टिकून राहते का. एका बाबतीत सुरक्षित आणि दुसऱ्या बाबतीत घातक असेल तर ते तिथेच कळावे. एकटा गॅरेजवाला ही तपासणी करूच शकत नाही. यंत्राच्या पैशापेक्षा ही तपासणी त्याला फुकट मिळणे, यात मला अनुदानाचे खरे मोल दिसते.

‘थोड्या मात्रेने काय होते?’

मात्रेवर विषबाधा ठरते हे खरेच. महिन्यातून एकदा कोट आणायला जाणाऱ्या गिऱ्हाइकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मात्रा म्हणजे हवेतले प्रमाण गुणिले वेळ. दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस, वीस वर्षे त्याच खोलीत काढणाऱ्याची मात्रा थोडी नसते. तिथे काम करणारी बाई गरोदर असेल तर आणखी एका जिवाचा हिशेब करावा लागतो.

अर्ज करायचा असेल तर

ज्या गावात किंवा शहरात अशी योजना आहे, तिथे बहुतेक अर्ज एकाच कारणाने मागे पडतात. त्यांत ‘जनजागृती करू, पत्रके वाटू, परिसर निरोगी करू’ असे लिहिलेले असते आणि रसायनाचे नाव कुठेच नसते. मंजूर करणाऱ्याला हेतूबद्दल शंका नसते. त्याला कळत नाही ते एवढेच की वर्षाअखेरीस मोजायचे काय.

म्हणून आधी नाव. ‘घातक क्लीनर’ असे मोघम नको. बाटलीसोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकात घटकांची नावे असतात, ती उतरवून घ्या. मग वापर मोजा. बिले चाळून वर्षभरात किती लिटर घेतले हे काढता येते, आणि बिले नसतील तर महिनाभर पिंपाचे वजन करत राहा. शाळा असेल तर प्रयोगशाळेच्या कपाटातल्या प्रत्येक बाटलीची यादी करा. पुष्कळ बाटल्या कुणाला नको असलेल्या, वर्षानुवर्षे न उघडलेल्या सापडतील, आणि त्या नीट बाहेर काढणे हीच पहिली कपात होईल. पर्याय कुणी आधी वापरला आहे ते शोधा आणि शक्य तर त्याच्या दुकानात एक दिवस जाऊन बसा. अर्जात कामगाराचे म्हणणे येऊ द्या, कारण कोणत्या वेळी डोके दुखते, कोणती बाटली उघडल्यावर डोळे चुरचुरतात, हे मालकापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. शिकवणी कोणत्या भाषेत होणार ते लिहा. पैशाचा एक हिस्सा पहिल्या दोन-तीन महिन्यांत बिघडणाऱ्या मालासाठी राखून ठेवा. तो बिघडणारच, आणि त्याची तरतूद नसली की दुकानदार गुपचूप जुन्या बाटलीकडे वळतो.

आणि शेवटी एक दिवस दार उघडे ठेवण्यासाठी राखा. त्या दिवशी गावातले बाकीचे लाँड्रीवाले येतील, कुणी सहज आल्यासारखे, कुणी परीक्षा घ्यायला. त्यांतला एक जण घरून आणलेला, शाई किंवा तेल सांडलेला लोकरी कोट काढून टेबलावर ठेवेल. तो घ्या आणि त्याच्यासमोर धुवा.